अर्धे म्हणजे कशाचे अर्धे?
(संख्यारेषेवरील अपूर्णांकांचा एक पाठ)

आपल्या निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा माझ्याकडून इतिहासावरील लेखाची अपेक्षा असणार, हे उघड होते. माझे पदव्युत्तर शिक्षण इतिहासाचे आणि आजवर शिकवला तोही प्रामुख्याने इतिहासच. तरीही येथे मी गणिताच्या एका पाठाविषयी लिहिणार आहे. गणित शिक्षकांची जागा रिकामी राहिलेल्या एका वर्षी सहावीचे गणित माझ्याकडे आले आणि अपूर्णांक संख्यारेषेवर दाखविण्याच्या एका छोट्याशा घटकाने मला जवळजवळ महिनाभर अडवून धरले. त्या महिन्यात मुलांना मी जे शिकवले त्याहून अधिक मुलांनी मला शिकवले. ते माजी विद्यार्थ्यांना, पालकांना आणि समाजबांधवांना सांगावे, असे फार दिवसांपासून मनात होते.

हा घटक मला सोपा जाईल, अशी माझी समजूत होती. इतिहासाच्या तासाला मी वर्षानुवर्षे कालरेषा काढत आले आहे. कालरेषा काय आणि संख्यारेषा काय, दोन्ही सरळ रेघाच. पण कालरेषेवर मुले काय करतात, हे तेव्हा मी नीट पाहिले नव्हते. १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात सुरू केलेली मुलींची शाळा, १९२७ चा महाडचा सत्याग्रह आणि १९५६ चे धम्मचक्र प्रवर्तन या तीन घटना कालरेषेवर मांडा म्हटले, की बहुतेक मुले त्या सारख्या अंतरावर मांडतात. पहिल्या दोहोंत ७९ वर्षांचे अंतर आहे आणि पुढच्या दोहोंत केवळ २९ वर्षांचे. मुलांनी क्रम बरोबर लावला म्हणून मी बरोबरची खूण करीत असे. क्रम कळणे आणि अंतर कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला अपूर्णांकांनी शिकवले.

पहिल्या दिवशीच्या चुका

पहिल्या दिवशी मी फळ्यावर आडवी रेघ ओढली, समान अंतरांवर ०, १, २, ३ लिहिले आणि १/२ कोठे येईल, असे विचारले. बहुतेक मुलांनी रेघेच्या बरोबर मध्यावर, म्हणजे दीडच्या जागी, खूण केली. काहींनी ती १ आणि २ यांच्या मध्ये केली, कारण विचारले तर उत्तर आले, "बाई, एक आणि दोन हेच तर आकडे आहेत त्यात." ३/४ विचारला तेव्हा एका मुलाने सांगितले की रेघेवर ४ नाही, त्यामुळे हा अपूर्णांक दाखवता येणार नाही. १/२ आणि १/३ यांत पुढे कोण, असे विचारताच वर्ग एका सुरात म्हणाला, "१/३!" कारण तीन हे दोनपेक्षा मोठे. एका मुलीने मात्र ० आणि १ यांच्या मध्ये चार उभ्या खुणा नीट समान अंतरावर केल्या आणि पहिल्या खुणेखाली १/४ लिहिले. तिची खूण १/५ च्या जागी होती. चार खुणांनी पाच भाग होतात, हे तिच्या लक्षात आले नव्हते.

त्या रात्री मी या सगळ्या चुका वहीत उतरवून काढल्या. एकही चूक आळसाची नव्हती. प्रत्येकीमागे मुलाचा काहीतरी विचार होता. 'अर्धा' म्हणजे मध्य, हा विचार खोटा नाही. कशाचा मध्य, एवढाच प्रश्न राहून गेला होता. मोठ्या आकड्याची संख्या मोठी, हा नियम तर आम्हीच त्यांना पाच वर्षे शिकवला होता. मुले अपूर्णांकाकडे एक संख्या म्हणून पाहत नव्हती. एकावर एक ठेवलेले दोन आकडे, असेच त्यांना ते दिसत होते. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला याचेही फारसे आश्चर्य वाटले नाही. पेशावरजवळ १८८१ मध्ये सापडलेल्या बख्शाली हस्तलिखितात अपूर्णांक लिहिले आहेत ते वर अंश, खाली छेद आणि मध्ये रेघ नाही, अशाच पद्धतीने. मधली आडवी रेघ पुढे अरबी गणितज्ञांनी दिली. दोन आकड्यांची ही मांडणी मिळून एकच संख्या होते, हे ती पाहणाऱ्याला कोणीतरी समजावून सांगावेच लागते.

भाकरी कोठवर पुरते?

आपण सगळेच अपूर्णांक भाकरीवरून शिकतो. भाकरीचे चार सारखे तुकडे केले, त्यातला एक म्हणजे पाव. हे उदाहरण मुलांच्या ओळखीचे आहे आणि ते टाकून देऊ नये. पण ते एका जागी थांबते. भाकरीचे चार तुकडे केल्यावर त्यातले पाच घ्या, असे म्हटले की मूल गोंधळते. ५/४ हा त्याला चुकीचा अपूर्णांक वाटतो. दुसरे असे, की भाकरीत मूल 'तुकडा' पाहते. तुकडा ही वस्तू झाली. त्या वस्तूचे ७, ८, ९ या संख्यांशी काही नाते आहे, हे त्याला भाकरीवरून दिसत नाही. संख्यारेषेवर मात्र ३/४ ला ० आणि १ यांच्यामध्ये स्वतःची एक ठरलेली जागा मिळते. तेथून तो हलत नाही. जागा मिळाली, की तो इतर संख्यांच्या पंगतीत बसतो.

दोरीवरचा पाठ

वसतिगृहामागे कपडे वाळत घालण्याची लांब दोरी आहे. माजी विद्यार्थ्यांना ती आठवत असेल. पावसाळ्यात तिच्यावरील जागेसाठी होणारी भांडणेही आठवत असतील. दुसऱ्या दिवशी मी वर्ग तेथे नेला. सोबत चिमटे, जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांची कापलेली पाने आणि सुतळीचा हातभर तुकडा घेतला.

पहिली पायरी एककाची. दोरीच्या एका टोकाशी ० चे पान लावले. सुतळीचा तुकडा तेथून ताणून धरला आणि तो जेथे संपला तेथे १ लावला. तोच तुकडा पुन्हा पुढे ठेवून २, पुन्हा ठेवून ३. मग मी विचारले, "१ येथेच का?" मुले म्हणाली, "कारण सुतळी एवढीच आहे." मी सुतळी बदलून थोडी लांब घेतली, तर १, २, ३ सगळेच सरकले. रेघेवर १ कोठे असावा, हे रेघ ठरवत नाही. आपण निवडलेले एकक ठरवते. एकदा ते ठरवले, की मग बाकी कोणालाही मनमानी करता येत नाही. या पायरीवर मी पूर्ण तास घालवला आणि तो वाया गेला नाही.

दुसरी पायरी समान भागांची. सुतळी मधोमध दुमडली, अर्धी झाली. ० पासून एक अर्धी मोजून १/२ लावला. सुतळी पुन्हा दुमडली, पाव झाली. ० पासून एक पाव, दोन पाव, तीन पाव. येथे मी मुलांना एक वाक्य दिले आणि तेच पुढे महिनाभर कामास आले: छेद पावलाचा आकार सांगतो आणि अंश पावलांची संख्या सांगतो. छेद जितका मोठा, तितके पाऊल लहान. १/३ हा १/२ च्या मागे का, हे आता समजावून सांगावे लागले नाही. मुलांनी ते दोरीवर पाहिले.

पावलांची ही कल्पना माझी नव्हे. जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने १६८५ च्या आपल्या बीजगणितावरील ग्रंथात एका चालणाऱ्या माणसाचे उदाहरण दिले आहे. माणूस ५ यार्ड पुढे गेला आणि ८ यार्ड मागे आला, तर तो निघाल्या जागेच्या ३ यार्ड मागे असेल. ऋण संख्या वाचकांच्या गळी उतरविण्यासाठी त्याने माणसाला रेषेवरून चालवले. आपणही मैदानावर चुन्याची रेघ आखून मुलांना चालवू शकतो आणि चाललेली गोष्ट मूल सहसा विसरत नाही.

येथेच खुणा आणि अंतरे यांचा घोटाळा मिटवावा. शाळेच्या तारेच्या कुंपणाजवळ मी मुलांना नेले. पाच खांब मोजले, मग त्यांच्यामधील अंतरे मोजली, ती चार भरली. अपूर्णांकात आपण खांब मोजत नाही, अंतरे मोजतो. चार खुणा करून १/५ च्या जागी १/४ लिहिणाऱ्या मुलीने स्वतःच वही उघडून आपली चूक दुरुस्त केली.

तिसरी पायरी १ च्या पलीकडची. पावाची पावले टाकत चार पावलांवर १ येतो. पण पावले १ पाशी थांबावीत, असा काही नियम नाही. पाचवे पाऊल टाकले, की ५/४. ही जागा १ च्या एक पाव पुढे आहे, म्हणून तेच १ १/४. अंशाधिक अपूर्णांक आणि पूर्णांकयुक्त अपूर्णांक ही एकाच जागेची दोन नावे आहेत, हे दोरीवर दोन चिमट्यांचे काम झाले.

चौथी पायरी सममूल्य अपूर्णांकांची. २/४ चे पान लावायला गेलेला मुलगा अडला. "बाई, येथे आधीच १/२ बसलाय." मी म्हटले, "मग त्याच्याच खाली लाव." ३/६ आणि ४/८ यांची पानेही त्याच चिमट्याला लागली. अंश आणि छेद यांना एकाच संख्येने गुणले तरी किंमत बदलत नाही, हा नियम मुलांना पाठ होता. त्याचे कारण त्यांना येथे मिळाले: प्रत्येक पावलाचे दोन भाग केले, तर पाऊल निम्मे होते आणि पावले दुप्पट होतात, पोहोचतो आपण तेथेच.

चुकीच्या उत्तरातून मिळालेले खरे

बेरजेचा तास मी मुद्दाम दोरीवरच घेतला. १/२ + १/३ याचे उत्तर काही मुलांनी २/५ काढले होते; वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली. मी ते चूक म्हटले नाही. २/५ चे पान त्यांना दोरीवर लावायला सांगितले. सुतळीचे पाच भाग करून दोन मोजले, तर पान १/२ च्या मागे लागले. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक मुलगा म्हणाला, "अर्ध्यात भर घातली आणि अर्ध्याच्याही मागे कसे आलो?" या प्रश्नानंतर समच्छेद करणे मुलांना ओझे वाटले नाही. निम्म्याचे पाऊल आणि तिसऱ्या हिश्शाचे पाऊल वेगळ्या आकाराची. त्यांना एकत्र मोजायचे तर दोघांनाही मापता येईल असे सहाव्या हिश्शाचे पाऊल हवे. तीन आणि दोन, अशी पाच पावले. उत्तर ५/६.

पण एका मुलीचे लक्ष त्या चुकीच्या पानाकडेच होते. २/५ हे १/३ आणि १/२ यांच्या मध्ये लागले होते. तिने दुसऱ्या जोड्या घेऊन पाहिल्या. १/४ आणि १/३ यांचे वर-खाली मिळवून २/७ आले. तेही दोहोंच्या मध्येच पडले. दोन अपूर्णांकांचे अंश आणि छेद असे मिळवले, की येणारा अपूर्णांक नेहमी त्या दोहोंच्या दरम्यानच असतो. बेरीज म्हणून ते उत्तर चूक होते, पण दोन अपूर्णांकांमध्ये तिसरा शोधण्याची ती एक खरी रीत आहे. मग २/५ आणि १/२ यांच्या मध्ये ३/७ सापडला, पुढे आणखी सापडले. ५ च्या पुढची पूर्णसंख्या ६, हे सांगता येते. १/२ च्या लगेच पुढचा अपूर्णांक कोणता, हे कोणालाच सांगता येत नाही, कारण मध्ये नेहमी आणखी एक असतो. हे त्या दिवशी सहावीच्या वर्गाला कळले.

वहीच्या रेघांची युक्ती

सुतळी दुमडून अर्धे, पाव, अष्टमांश सहज होतात. तिघडी घालून तिसरा हिस्साही जमतो. पाच किंवा सात भाग मात्र दुमडून नेमके होत नाहीत. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. ती घरीही करता येईल, म्हणून येथे देते.

कागदाची एक सरळ, अरुंद पट्टी कापावी. हे आपले एकक. एकेरी रेघी वहीचे पान समोर ठेवावे. पट्टीचे पाच भाग करायचे असतील, तर पट्टीच्या कडेचे एक टोक कोणत्याही एका रेघेवर ठेवावे आणि त्याच कडेचे दुसरे टोक तेथून पुढच्या पाचव्या रेघेवर येईपर्यंत पट्टी तिरपी करावी. मधल्या चार रेघा त्या कडेला जेथे छेदतात तेथे खुणा कराव्यात. पाच समान भाग झाले. सात हवे असतील, तर सातव्या रेघेपर्यंत न्यावे. पट्टी मात्र तेवढ्या रेघांच्या उभ्या अंतरापेक्षा लांब हवी. वहीच्या रेघा समांतर आणि समान अंतरावर असतात, म्हणून त्या तिरप्या पट्टीचेही समान तुकडे करतात; दहावीत समांतर रेषांच्या आंतरछेदांचा जो गुणधर्म शिकवतात तो हाच. यासाठी कंपासपेटी लागत नाही. पट्टीवरून या खुणा संख्यारेषेवर उतरवून घ्याव्यात.

आपल्या बोलीतली संख्यारेषा

माझे वडील सालगडी होते. शाळा चौथीपर्यंतची, पण पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी त्यांना तोंडपाठ होती. माझ्या पिढीपर्यंत ते पाढे शाळेतून गेले होते. शब्द मात्र बोलीत राहिले आणि ते शब्द म्हणजे संख्यारेषाच आहे, हे मला दोरीजवळ उभी असताना उमगले.

'पावणेदोन' म्हणजे दोनच्या एक पाव मागे. 'सव्वादोन' म्हणजे दोनच्या एक पाव पुढे. 'साडेतीन' म्हणजे तीन आणि वर अर्धा. हे शब्द एखाद्या पूर्ण संख्येपाशी उभे राहून मागे-पुढे बोट दाखवतात. 'पाऊण' हा पादोन, म्हणजे एका पादाने कमी. 'सवा' हा सपाद, म्हणजे पादासह. 'अडीच' सर्वांत बोलका आहे. त्याचे मूळ अर्धतृतीय, पालीत अड्ढतिय: ज्यातला तिसरा अर्धा आहे ते. दोन पुरे झाले आणि तिसऱ्याच्या निम्म्यावर आलो, असे हा शब्द सांगतो. 'दीड' हा पालीतील दियड्ढ; तेथे दुसऱ्याच्या निम्म्यावर.

मध्य प्रदेशातील रूपनाथ येथे सम्राट अशोकाचा लघुशिलालेख आहे. आपण अडीच वर्षांहून अधिक काळ उपासक आहोत, असे त्यात अशोक सांगतो आणि त्यासाठी आलेला शब्द 'अढतिय' याच कुळातला आहे. हा धम्मकार्याचा विषय दीडपट वाढेल, असे तो शेवटी म्हणतो; तेथे 'दियढिय' आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात खडकावर कोरलेले हे दोन अपूर्णांक आपण आजही बाजारात बोलतो. हे सांगितले तेव्हा मुलांनी अडीच दोरीवर लावण्यासाठी धक्काबुक्की केली.

एका मुलाने ७/१२ दोरीवर लावायची परवानगी मागितली, कारण घरात 'सातबारा' हा शब्द फार ऐकला होता. आम्ही तो लावला; बारा भागांपैकी सात, अर्ध्याच्या थोडा पुढे. मग मी सांगितले, की जमिनीचा सातबारा हा अपूर्णांक नव्हे. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ या दोन नोंदींचा तो उतारा आहे. एकाची आजी पाऊण रुपयाला अजून 'बारा आणे' म्हणते. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, तोवर रुपयाचे १६ आणे होते. १२/१६, ३/४ आणि ७५/१०० ही तिन्ही पाने एकाच चिमट्याला लागली.

अर्धा कोयता

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहिला तो सांगते.

'अर्धा' हा शब्द घरात कोठे कोठे ऐकू येतो, असे मी एकदा विचारले. अर्धा लिटर दूध, अर्धा एकर, अर्धे तिकीट, अशी उत्तरे आली. मागच्या बाकावरील एक मुलगी म्हणाली, "अर्धा कोयता." वर्गातील काही मुले एकदम गप्प झाली, कारण त्यांना ते ठाऊक होते.

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. उचल ठरताना हाच हिशेब धरला जातो. या मुलीचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले होते. आई दिवाळीनंतर टोळीबरोबर एकटीच जाऊ लागली होती आणि मुलगी आपल्या वसतिगृहात होती.

मी त्या वेळी काय केले, ते लिहिताना मला आजही बरे वाटत नाही. मी म्हटले, "तो अर्धा वेगळा, बाळ. तो गणितातला नाही." आणि पुढच्या मुलाकडे वळले. संध्याकाळी जेवणाच्या रांगेत ती दिसली तेव्हा मला जाणवले, की वर्गात आलेल्या सर्व उदाहरणांत गणिताची सर्वाधिक गरज तिच्याच उदाहरणाला होती आणि मी नेमके तेच गणिताबाहेर काढले होते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात माझी चूक कबूल केली आणि तिला फळ्याजवळ बोलावले. दोघे मिळून दिवसाला किती ऊस तोडत, असे विचारले. "दोन टन, बाई. कधी कमी, कधी जास्त." आता आई एकटी किती तोडते? "सव्वा टन." मग ती स्वतःच म्हणाली, "मग माझी आई अर्ध्याच्या पुढं का मागं?"

तिने रेघ ओढली. ० आणि १ लिहिले. १ च्या खाली 'दोन टन' लिहिले. दोन टनांत पाव टनाची आठ पावले, म्हणून रेघेचे आठ भाग केले. सव्वा टन म्हणजे पाच पावले. ५/८ वर खूण केली. अर्धा ४/८ वर होता. "एक पाऊल पुढं," ती म्हणाली.

मग मी वर्गाला विचारले, की या रेघेवर १ कोणी ठरवला? जोडीला एक धरायचे, हे मोजून ठरले की कोणीतरी ठरवून टाकले? सुतळी बदलली तर १ सरकतो, हे मुलांनी दोरीवर पाहिले होते. एका मुलाने उत्तर दिले, "एक माणूस म्हणजे एक धरला, तर तिची आई एकच आहे. मग जोडीलाच दोन म्हणावं लागंल." त्याच मुलाने पुढे विचारले, की एस.टी.चे अर्धे तिकीटही असेच कोणीतरी ठरवलेले आहे का? होय, तेही ठरवलेलेच आहे. तेथे एकक आहे मोठ्या माणसाचे भाडे. कोणतेही एकक माणसेच ठरवतात. म्हणून ते कोणते आहे, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे.

हंगाम संपल्यावर आई मुलीला न्यायला आली तेव्हा मुलीने वहीतील ती रेघ तिला दाखवली. बाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी मला विचारले, "बाई, हे मुकादमाला दाखवता येईल का?"

माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. रेघ दाखवून उचल वाढेल, असे खोटे आश्वासन मी दिले नाही. एवढेच सांगितले, की वजनाची प्रत्येक पावती जपून ठेवा, रोजचे टन लिहून काढा. मोजलेली गोष्ट नाकारणे न मोजलेल्या गोष्टीपेक्षा अवघड असते. पुढच्या हंगामात त्या दर रविवारी वसतिगृहाच्या फोनवर आठवड्याचे आकडे मुलीला सांगत आणि मुलगी ते वहीत रेघेवर मांडत असे. ती वही तिने दहावीपर्यंत जपली होती.

पालकांसाठी थोडेसे

घरी यासाठी वेगळे साहित्य लागत नाही. दोरीचा तुकडा घ्या, भिंतीवर खडूने रेघ ओढा किंवा शिंप्याची माप-पट्टी वापरा. ती मोजताना १ पासून नव्हे, ० पासून सुरुवात करा. मुलाने चुकीच्या जागी खूण केली, तर लगेच पुसू नका, 'येथे का?' एवढेच विचारा. त्याचे कारण ऐकले, की दुरुस्ती कोठे करायची ते कळते. अपूर्णांक १ च्या पुढेही जाऊ द्या. दूध, किराणा, जमीन, मजुरी यांत जेव्हा जेव्हा 'अर्धा', 'पाव', 'पाऊण' येईल, तेव्हा मुलाला एकच प्रश्न विचारण्याची सवय लावा: कशाचा?

उक्ती, वाटा, हिस्सा, उचल, व्याज या सगळ्या शब्दांच्या पोटात अपूर्णांक आहेत. आपल्या आधीच्या पिढ्यांना वाटा सांगितला जात असे. तो कशाचा, हे विचारण्याची सोय नव्हती आणि विचारलेच, तर मोजण्याचे साधन हाती नव्हते. ती दोन्ही साधने सहावीच्या वर्गात, एका दोरीवर आणि काही चिमट्यांत मिळू शकतात.

गणिताचे शिक्षक पुढच्या वर्षी रुजू झाले आणि मी इतिहासाकडे परतले. कालरेषेवर मुलांनी घटना मांडल्या, की आता मी क्रमावर समाधान मानत नाही. पट्टी घेऊन अंतर मोजते. वसतिगृहामागची दोरी मात्र अजून तेथेच आहे. तिच्या एका टोकाजवळ शाईने लिहिलेला शून्य पावसाने पुसट झाला आहे. दरवर्षी सहावीची मुले तो नव्याने गिरवतात.